गतवर्षीप्रमाणे

"केरबा, वर ये जरा."

"आलो, आलो," खड्ड्यातून आवाज आला. माणूस आला नाही.

वांगझऱ्यात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. केरबा शिंगटे हा आमच्या ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. कुठल्याही आळीतून, कसल्याही आवाजात हाक आली तरी तो "आलो, आलो" म्हणतो. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. यायचं तेव्हा तो येतो. गावच्या नळानंही त्याचीच सवय उचलली आहे.

पण त्या दिवशी व्हॉल्वच्या खड्ड्यातून डोकं वर काढलं आणि केरबा पुन्हा आत घसरता घसरता वाचला. टाकीजवळ दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि दोन्हींची तोंडं एकाच दिशेला होती. गाड्यांच्या पुढं नानासो रणसुरे आणि यशराज रणसुरे शेजारी शेजारी उभे होते. मारामारी चालू नव्हती.

"काय चुकलं माझं?" केरबानं खड्ड्यातूनच विचारलं.

"चुकलं कुठं रं? तुझा सत्कार करायचाय," नानासो म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून शाल काढली.

केरबाचे हात कोपरापर्यंत गाळानं भरलेले. शाल घ्यायला हात पुढं करावेत, तर शाल जायची. मग यशराजनं वाकून ती खड्ड्यातल्या केरबाच्या डोक्यावर टाकली आणि नारळ खड्ड्याच्या काठावर ठेवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुठल्यातरी नव्या देवाची स्थापना चालली आहे.

"यंदा जत्रंला हाकेचा मान आमी घेणार," नानासोंनी सांगितलं. "आमची दिलजमाई झाली. यंदा मी, फुडल्या साली यशराज. तू लय वर्षं वढलंस. आता सुटलास."

"बरं झालं," केरबा म्हणाला.

"व्हय, वकील म्हणालं बारावं लागायच्या आत..." यशराज बोलायला लागला, तेवढ्यात नानासोंचा पाय त्याच्या पायावर पडला. मग दोघं गाड्यांत बसले आणि एकाच दिशेला गेले. शाल डोक्यावर घेऊन केरबा धूळ खाली बसेपर्यंत उभा राहिला.

*

हे प्रकरण परक्या माणसाला समजायला सोपं आहे, रणसुऱ्यांनाच अवघड जातं.

रणसुऱ्यांच्या मूळ पुरुषाला एका लढाईनंतर 'फत्तेबहाद्दर' हा किताब मिळाला. लढाई कुठली यावर मतभेद आहेत. किताब मिळाला त्याच दिवशी झरजाई देवीची जत्रा होती आणि मूळ पुरुष यायचा म्हणून देवीची पालखी वेशीवर खोळंबली होती. त्याला यायला फार उशीर झाला. उशीर करून मान मिळवणारा तो आमच्या गावातला पहिला माणूस. तेव्हापासून दर चैत्रात पालखी वेशीवर थांबते. खांद्यावरून खाली टेकवायची नाही. गुरव तीन वेळा विचारतो, "फत्तेबहाद्दर हाजीर हाय का?" तिसऱ्या हाकेला किताबाचा धनी उत्तर देतो, मग पालखी गावात शिरते.

मूळ पुरुषामागं घराण्याच्या दोन पात्या झाल्या. थोरल्या पातीचे नानासो, साताऱ्यात राहतात, प्लॉट पाडून विकतात. धाकट्या पातीचा यशराज, तासगावला त्याची बेदाण्याची शेड आहे. दोन्ही पात्यांचं म्हणणं शब्दाशब्दानं सारखं आहे: आम्ही रक्ताचे, ते दत्तक.

किताबाला सरकारी मान्यता मिळावी म्हणून दोघांनी जेवढी धडपड केली, तेवढी मूळ पुरुषानं लढाईत केली असेल की नाही शंका आहे. नानासोंनी लाईटबिलावर आपलं नाव 'श्रीमंत फत्तेबहाद्दर' असं लावून घेतलं. त्यानंतर दोन महिने बिल राहिलं आणि श्रीमंत फत्तेबहाद्दरांची वीज तोडल्याची नोटीस आली, तीही त्यांनी जपून ठेवली. यशराजनं एका ओळखपत्रावर किताब घातला, पण रकान्यात जागा पुरली नाही. कार्डावर तो 'फत्तेबहा' आहे. मग दोघांनी थेट वरपर्यंत अर्ज केले. उत्तर दोघांना सारखंच आलं: देशात असे किताब आता कायद्यानं शिल्लक नाहीत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पण पत्राच्या वर, अर्जातलं नाव जसंच्या तसं उतरवून, 'प्रति, श्रीमंत फत्तेबहाद्दर' असं लिहिलं होतं. दोघांनी ती पत्रं काचेत मढवून बैठकीत लावली. खालचा मजकूर हारानं झाकला.

अशात एका जत्रेला तिसऱ्या हाकेला दोघांनी एकदम "हजर!" म्हटलं. नानासोंची माणसं यशराजच्या माणसांच्या अंगावर गेली, हलगीवाला पळाला, कुणीतरी नारळ फेकून मारला आणि तो तिसऱ्यालाच लागला. पालखी भोयांच्या खांद्यावर तशीच. ऊन मी म्हणत होतं. नाथाजी गुरव घाबरून पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "हाजीर हाय का? आरं, कोन हाय का?"

वेशीजवळ पाईप फुटला होता. खड्ड्यात केरबा होता. वर काय चाललंय याची त्याला खबर नव्हती. कुणीतरी हाक मारतंय एवढं त्याला कळलं आणि तो सवयीनं म्हणाला, "आलो, आलो!"

भोयांना तेवढं पुरलं. त्यांनी पालखी जी चालवली ती देवळातच नेऊन थांबवली.

पुढच्या वर्षी बंदोबस्ताला आलेल्या जमादारानं विचारलं, "गेल्या साली मान कुणी घेतला?" गाव म्हणालं, "केरबानं." जमादार म्हणाला, "मग गतवर्षीप्रमाणे." सरकारात या शब्दाच्या पुढं कुणाचं काही चालत नाही. वाद मिटेपर्यंत मान तटस्थ इसमाकडं राहावा असं ठरलं. मूळ पुरुषाचा डगलाही केरबाकडंच ठेवायला दिला, कारण एका पातीनं तो दुसरीकडं जाऊ दिला नसता. तो डगला केरबाला नेमका बसला. मूळ पुरुष अंगानं किरकोळ होता, ही एक गोष्ट तेवढी दोन्ही पात्या कबूल करत नाहीत.

*

"बारावं लागायच्या आत, असं म्हणाला यशराज?" क्रांतीनं विचारलं.

क्रांती ही केरबाची लेक. सांगलीला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जत्रेसाठी यष्टीनं आली, पिशवी टेकवली आणि बाप डोक्यावर शाल घेऊन का बसलाय हे विचारता विचारता सगळं काढून घेतलं.

"म्हणाला खरं. मग नानासोनं त्याचा पाय तुडवला."

क्रांती उठून उभी राहिली. "आप्पा, यंदा तुमचं बारावं वरीस हाय."

"बारावं? माझं?" केरबा दचकला. "आगं, मी जित्ता हाय!"

"मानाचं म्हणते मी! दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं उघड वहिवाट केली, मालकानं काढलं न्हाई, तर वहिवाटदार हक्क सांगू शकतो. यंदा तुमी हाक दिली की बारा पुरी. म्हणून दिलजमाई झाली त्यांची! न्हाईतर ती दोघं एका गाडीमागं दुसरी लावत्यात व्हय?"

"ते जमिनीचं झालं. ह्यो तर मान हाय."

"मानाला लागू न्हाई असं कुठं लिहिलंय?"

चुलीपुढं बसलेल्या बनाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "म्हंजे मी फत्तेबहाद्दरीण व्हणार?"

"आई, तसं नसतंय."

"मग लाईटबिलावर तरी येतंय का बघ की."

"गप बसा गं दोघी," केरबा म्हणाला. "मला न्हाई सरदार व्हायचं. सरदार झालो तर पाणी कोन सोडायचं?"

"सरदारानं सोडायचं," क्रांती म्हणाली. "तिसऱ्या हाकेला फकस्त आलो म्हणा, आप्पा. फुडचं मी बघते."

केरबा तसा दरवर्षी जत्रा जवळ आली की "कुठली ब्याद गळ्यात पडली" म्हणून कुरकुरणारा माणूस. पण जेवल्यावर त्यानं ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर सुटला. डगला बाहेर काढला, झटकला, उजव्या बाहीचं सुटत आलेलं बटण दोऱ्यानं पक्कं केलं.

"आवं, आता कुणासाठी लावताय ते?" बनाबाईनं विचारलं.

"सुटलं हुतं म्हणून लावलं."

बनाबाई बघत राहिली. वर्षभर गाव या माणसाची वाट बघतं ते शिव्या देत. त्या एका दिवशी तेवढं हात जोडून बघतं. हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं आणि दोघांनी ते आजवर एकमेकांना सांगितलं नव्हतं.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि डगला घडी करून तिनं जत्रेला न्यायच्या पिशवीत घातला. वर चटईची गुंडाळी ठेवली. "आसू दे जवळ. काय सांगावं."

दुसऱ्या दिवशी नानासो स्वतःच जुना डगला मागायला आले होते, हेही खरं. नानासोंनी तो केरबाच्या अंगणातच घालून बघितला. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. काढायला दोन माणसं लागली. मग त्यांनी साताऱ्याच्या शिंप्याला नवा शिवायला टाकला आणि जुना "पुराणवस्तू हाय, जपून ठिव" म्हणून परत दिला.

*

जत्रेच्या दिवशी वेशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रणसुऱ्यांची दिलजमाई बघायला तर मारामारी बघायला जमतात त्याच्यापेक्षा जास्त माणसं आली होती. यशराजनं सगळ्यांना बेदाणे वाटले. नानासो नव्या डगल्यात उभे होते. लाल मखमल, त्यावर टिकल्या. शिंप्यानं माप घेताना त्यांना सरळ उभं केलं असावं, कारण सरळ उभं राहण्यापलीकडं त्यात काही करता येत नव्हतं. टाळी वाजवायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

केरबा लांब, लिंबाखाली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, हातात पाना. एका बाजूला क्रांती, दुसऱ्या बाजूला पिशवी पोटाशी धरून बनाबाई.

पालखी वेशीवर येऊन थांबली. हलगी थांबली. नाथाजी गुरवानं खाकरून पहिली हाक दिली.

"फत्तेबहाद्दर हाजीर हाय का?"

कुणी बोललं नाही. रीतच तशी.

दुसरी हाक. क्रांतीनं बापाचं कोपर धरलं. मग तिसरी.

"फत्तेबहाद्दर हाजीर हाय का?"

"हजर!" नानासो गरजले. आवाज चांगला होता. दोन म्हशी उठून उभ्या राहिल्या.

पालखी हलली नाही.

नानासोंनी इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "हजर!"

हलगीवाल्याची टिपरी वरच राहिली. पुढच्या दांडीला बनाबाईचा भाऊ होता. घाम पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यानं नुसती फुंकर मारली आणि विचारलं, "कोन हजर?"

"मी! फत्तेबहाद्दर!"

"ते झालं. पर आमी हलायचं कवा?"

"आरं, आताच की गड्या! हजर म्हणलं न्हवं!"

"तसं न्हाई म्हणत," मागचा भोई म्हणाला. "दरसाल येगळं असतंय."

यशराजला राहवलं नाही. त्यानं पुढं होऊन आणखी मोठ्यानं "हजर!" म्हटलं, त्याबरोबर नानासोंनी त्याच्याकडं असं बघितलं की दिलजमाई तिथंच मोडते की काय असं वाटलं. दोन्हीकडच्या माणसांनी बाह्या सारल्या. हलगीवाल्यानं पळायची वाट हेरून ठेवली.

बंदोबस्ताचा जमादार यंदा नवा होता, पण प्रश्न त्याला जुनाच आला. "गेल्या साली कसं झालं हुतं?"

"केरबा!" सगळं गाव एकदम म्हणालं.

माणसं वळली. लिंबापासून पालखीपर्यंत आपोआप वाट मोकळी झाली. नाथाजीनंही तोंड फिरवलं, केरबाकडं बघत हात जोडले आणि जणू पहिल्या तीन हाका झाल्याच नव्हत्या अशी नव्यानं हाक दिली.

"फत्तेबहाद्दर हाजीर हाय का?"

बनाबाईनं चटई काढून खाली टाकली होती. पिशवीतून डगल्याची बाही बाहेर आली होती. क्रांती कानाशी म्हणाली, "आप्पा, बारावं. म्हणा."

शब्द केरबाच्या तोंडात तयारच होते. आयुष्यभर त्यानं दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्यानं नानासोंकडं बघितलं. घामानं मखमलीचा रंग सुटला होता आणि लाल ओघळ मानेवरून खाली चालले होते. हात वर जात नव्हते म्हणून पुसताही येत नव्हते. नकाराचं पत्र मढवून भिंतीवर लावणारा हा माणूस, जन्मभर कुणीतरी आपल्याला हाक मारेल म्हणून थांबलेला. आज हाक आली, तर ती दुसऱ्याकडं तोंड करून.

केरबा चालत निघाला. बनाबाईनं डगला पुढं केला. तो त्यानं घेतला नाही. लोकांना वाटलं, घाई आहे.

तो नानासोंच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या कानात म्हणाला, "सरकार, हजर न्हाई. आलो, आलो. दोनदा."

"काय?"

"आलो, आलो म्हणायचं."

"ह्ये काय सरदाराचं बोलणं हाय व्हय रं?"

"रीत हाय."

"कवापासनं?"

केरबानं भोयांकडं एक नजर टाकली. "लय जुनी," तो म्हणाला.

नानासोंनी तोंड पालखीकडं केलं. "आलो आलो!" ते ओरडले.

पालखी किंचित हलली आणि थांबली.

"घाई नगा करू," केरबानं सांगितलं. "कामात हाय, लांब हाय, पर ऐकलंय, आसं वाटाय पायजे. पहिलं जरा वडून."

"आऽलो, आलो."

"आता बरं हाय. एकदा खड्ड्यातनं बोलल्यागत."

नानासोंनी डोळे मिटले. हनुवटी छातीला लावली. साताऱ्यातले प्लॉट, लाईटबिल, काचेतलं पत्र, सगळं बाजूला ठेवून ते कुठल्यातरी खोल जागेतून म्हणाले, "आऽलो, आलो!"

हलगी कडाडली. भोयांनी पालखी अशी झटक्यात पुढं नेली की देवीचा मुखवटा क्षणभर मागं कलला. गुलाल उधळला, माणसं पालखीच्या मागं धावली आणि त्या लोंढ्यात सरळ उभ्याचे उभे नानासो कुणीतरी उचलून नेले. ते रडत होते की रंग डोळ्यात गेला होता, सांगता येत नाही. मागून यशराज चालला होता. ओठ हलत होते. पुढच्या सालचं तो आत्ताच पाठ करत होता.

*

लिंबाखाली तिघंच उरले.

"आप्पा, एक शब्द बोलायचा हुता," क्रांती म्हणाली. तिला राग आला होता आणि तो कुठल्या कलमाखाली बसवावा हे सुचत नव्हतं. "बारा वर्षं गेली. दावाच संपला."

"व्हय."

"उलट त्यांनाच शिकवून आलात."

"मग? तुझा मामा हुता दांडीला. त्याचा खांदा गेला असता."

"आन आता त्या दोन्ही पात्या, त्यांची पोरं, त्यांची नातवंडं, दरसाल भर वेशीत..." क्रांती बोलता बोलता थांबली. पलीकडून पालखी वळणावर गेल्याचा गलका आला. त्यात नानासोंचा आवाज होता. हाक नसतानाही ते म्हणत होते, "आलो, आलो!"

पहिल्यांदा बनाबाईला हसू फुटलं. मग क्रांतीला. बनाबाई इतकी हसली की डोळे पुसायला तिनं हाताला लागेल ते घेतलं, ती डगल्याची बाही निघाली. मग तिनं डगला सावकाश घडी केला, नवीन लावलेल्या बटणावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत तळाशी ठेवला.

"यंदा धुवाय न्हाई लागायचा," ती म्हणाली.

"न्हाई," केरबा म्हणाला.

तेवढ्यात खालच्या आळीतून कुणीतरी गच्चीवर चढून ओरडलं. "केरबाऽऽ! आरं पाव्हणं आल्यात घरात आन नळाला थेंब न्हाई! कुठं मेलास?"

केरबाचं तोंड उघडलं. 'आ' बाहेर यायच्या बेतात होता. मग तोंड मिटलं. ते शब्द त्यानं आत्ताच दुसऱ्याला देऊन टाकले होते.

तो मग ताठ झाला, पाना खांद्यावर टाकला.

"हजर!" तो म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटल्याबरोबर निघाला.